लवंग म्हणजे खिळा

‘टू क्लोव्ज ऑफ गार्लिक’ असं इंग्रजी पाककृतीत वाचून नवशिक्यानं लसणाबरोबर दोन लवंगाही फोडणीत टाकल्या, तर दोष त्याचा नाही. लसणाची पाकळी आणि लवंग, दोन्हींना इंग्रजीत ‘क्लोव्ह’च म्हणतात. शब्द मात्र दोन वेगळे. पाकळीचा क्लोव्ह जुन्या इंग्रजीतल्या ‘चिरणे, दुभंगणे’ या क्रियापदाच्या गोतातला. लवंगेचा क्लोव्ह फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘क्लावुस’, म्हणजे खिळा.

एक लवंग चिमटीत धरून पाहा. खाली निमुळता दांडा, वर चार टोकं आणि त्यांत बसलेली गोल कळी. लोहारानं ठोकून घडवलेला खिळाच! जर्मन आणि चिनी भाषांनीही लवंगेला खिळ्यावरूनच नाव दिलं. आपण उलटं केलं. लवंगेचंच नाव बारक्या फटाक्याला आणि बारक्या, झणझणीत मिरचीला दिलं. ‘गार्लिक’मध्येही हत्यार दडलंय: जुन्या इंग्रजीत ‘गार’ म्हणजे भाला.

‘पेपर’ची गोष्ट गमतीची. संस्कृत ‘पिप्पली’ ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत इंग्रजीत पोचली. नाव पिंपळीचं, पण चिकटलं काळ्या मिरीला. 1492 नंतर अमेरिकेतली मिरची युरोपात आली, तिलाही तेच नाव लावलं. युरोपीयांना हसायला नको. मिरीवरून मिरची आपणही केलीच.

काटेरी झाडांकडे वळलं, तर ‘टीझल’ पाहण्यासारखं आहे. त्याच्याच गोतातल्या इंग्रजी ‘टीझ’चा मूळ अर्थ लोकर पिंजणे; छेडणे, चिडवणे हा नंतरचा. टीझलची वाळलेली, आकड्यांसारख्या काट्यांची बोंडं चौकटीत बसवून लोकरी कापडावर फिरवत, म्हणजे वर मऊ लव उभी राहते. कापडात गाठ आलीच तर काटा मोडतो, कापड फाटत नाही.

‘कॅक्टस’ मूळचा ग्रीक शब्द, सिसिलीतल्या एका काटेरी भाजीचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं तो अठराव्या शतकात अमेरिकेतल्या निवडुंगांना दिला. आपल्याकडे बांधावर गावठी म्हणून मिरवणारा फड्या निवडुंगही तिकडचाच. त्याची लाल बोंडं खायची झाली, तर आधी बारीक कुसळं नीट काढा.