हजर

वर्गात तुमचे नाव पुकारले की तुम्ही म्हणता, 'हजर!' हा शब्द तुम्हांला मुळीच परका नाही. घरी उर्दूत आपण 'हाजिर' म्हणतो. मूळचा अरबी असलेला हा शब्द फार पूर्वी मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. त्याच्यापासून 'हजेरी' झाली. चटकन उत्तर देणारा माणूस 'हजरजबाबी' झाला. पण हजेरीपटावर खूण झाली म्हणजे मुलगा खरोखर हजर असतोच, असे नाही. शरीर बाकावर आणि मन खिडकीबाहेर, असे पुष्कळदा असते. शिक्षकांना ते लगेच कळते, हे लक्षात ठेवा!

आता खिडकीची गरजही उरलेली नाही. संध्याकाळी कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या एस.टी.त पाहा. एकाच बाकावर बसलेले दोन मित्र आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले दिसतात. शेजारी असून ते एकमेकांजवळ नसतात.

मोबाइल ही वाईट वस्तू आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. वडील आखाती देशात नोकरीला असतील, तर त्यांचा चेहरा रोज पाहायला मिळतो. पूर्वी त्यांच्या पत्रासाठी कित्येक दिवस पोस्टमनची वाट पाहावी लागे. ही सोय लहान नाही. अडचण निराळीच आहे. मोबाइलवरील पुष्कळ अ‍ॅप आपल्याला फुकट मिळतात. ती चालवणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळतो जाहिरातींतून. आपण जितका अधिक वेळ पडद्याकडे पाहू, तितक्या अधिक जाहिराती आपल्याला दाखवता येतात. म्हणून एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. पुस्तकाला शेवटचे पान असते, तसे इथे काही ठेवलेलेच नाही.

समजा, तुमचा मित्र तापाने अंथरुणावर आहे. 'लवकर बरा हो' असा निरोप मोबाइलवर अर्ध्या मिनिटात जातो. पण तुम्ही त्याच्या घरी गेलात, तर त्याने पेज घेतली की नाही ते कळते, त्याच्या आईला औषध आणायला सवड मिळते, बुडलेला धडा त्याला सांगता येतो. काही न बोलता नुसते उशाशी बसलात, तरी त्याला बरे वाटते. मराठीत याला 'समाचाराला जाणे' म्हणतात, उर्दूत 'इयादत'. आजाऱ्याची इयादत करणे हा इस्लाममध्ये एका मुसलमानाचा दुसऱ्या मुसलमानावरील हक्क मानला आहे.

आपल्या तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बैलाचा फोटो आता मोबाइलवर क्षणात पाठवता येतो. तरीही जाणता शेतकरी दात पाहिल्याशिवाय आणि पाठीवरून हात फिरवल्याशिवाय सौदा करत नाही. बैलाच्या बाबतीत आपण इतके दक्ष! मित्राची खुशाली मात्र फोटोवरून ठरवतो.

'उद्यापासून मोबाइल कमी पाहीन' असा निश्चय पुष्कळजण करतात. तो फार दिवस टिकत नाही, कारण माणूस एकटा असतो. धर्माने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. अजान सर्वांना एकाच वेळी ऐकू येते. दुकानदार, हमाल, विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सफमध्ये जागा रिकामी राहू देत नाहीत. रोज शेजारी उभा राहणारा माणूस चार दिवस दिसला नाही, की त्याची चौकशी होते. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात, त्यांतही असेच असते. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती आपल्या गळ्यात घेतो. पाळी मध्यरात्रीची असली तरी उठावे लागते, कारण तिथे कोणीतरी आपली वाट पाहत उभा असतो.

सांगली जिल्ह्यातील एका गावाने हाच मार्ग मोबाइलसाठी वापरला. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. इथले लोक शेती करणारे आणि साखर कारखान्यात काम करणारे. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आले. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल हातातून सुटेनात. रोज संध्याकाळी सर्व गावाने मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवावेत, अशी कल्पना निघाली, तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग स्त्रियांना एकत्र बोलावण्यात आले. आपणही मालिका फार पाहतो, हे त्यांनी मान्य केले आणि कल्पना उचलून धरली. 14 ऑगस्ट 2022 रोजी गावाच्या सभेत निर्णय झाला. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, सायंकाळी 7 वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी पडदे बंद. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे वाचत किंवा एकमेकांशी बोलत. सुरुवातीला काहीजण टाळाटाळ करत, तेव्हा गावकरी घरोघर फिरून समजावत. 8:30 ला दुसरा भोंगा होई आणि मोबाइल पुन्हा सुरू होत. कोणाला मोबाइल टाकून द्यावा लागला नाही.

सायंकाळी सातची वेळ आपल्याकडे चालेल का? मला शंका आहे. मुरबाड आणि शहापूरची कितीतरी माणसे कल्याण-ठाण्याला कामाला जातात. सात वाजता त्यांतले काही आसनगावच्या लोकलमध्ये, तर काही एस.टी.त असतात. काहींच्या घरी इशाच्या नमाजनंतरची वेळ बरी पडेल, काहींच्या घरी पहाटेची. तुमच्या घरातील सर्व माणसे एकाच वेळी घरात असतात, अशी वेळ कोणती? आज जेवताना सर्वांना विचारा आणि उद्या वर्गात सांगा.