उचकी : घरगुती उपाय आणि त्यांची मर्यादा

अनसिंगसारख्या गावात उचकी लागली की वडीलधारी मंडळी विचारतात, "कोणी आठवण काढली?" समजूत गोड आहे. प्रत्यक्षात छाती व पोट यांमधील श्वासपटल अचानक आकुंचन पावते, लगेच स्वरयंत्राचे दार मिटते आणि तो आवाज होतो. घाईचे जेवण, अतितिखट पदार्थ व सोडायुक्त पेये ही त्याची नेहमीची कारणे होत.

श्वास क्षणभर रोखणे, थंड पाण्याचे घोट घेणे, चमचाभर साखर गिळणे हे उपाय आपण परंपरेने करीत आलो आहोत. त्यांनी श्वासाची लय बदलते वा घशातील मज्जातंतू चेतवले जातात आणि उचकी बहुधा थांबते. मधुमेहींनी मात्र साखर टाळावी. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

उचकी ४८ तासांहून अधिक टिकल्यास ते जठर, मूत्रपिंड वा मेंदूच्या विकाराचे लक्षण असू शकते. १९५४ साली पोप बारावे पायस यांनाही जठराच्या आजारात उचकीने दीर्घकाळ छळले. त्यांच्यावर डॉक्टरांनी उपचार केले. म्हणून आम्ही भाविकांना सुचवितो : प्रार्थना अवश्य करावी, पण दवाखाना गाठण्यास विलंब करू नये. वैद्यही परमेश्वरानेच दिला आहे, अशी पवित्र शास्त्राची शिकवण आहे.