तोडलेली भाजीही श्वास घेते!

आठवड्याच्या बाजारात एखादी जाणती गृहिणी भाजी कशी निवडते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? भेंडीचे टोक ती मोडून पाहते. ते कट्‌कन तुटले तरच भेंडी पिशवीत पडते. वांग्याचा देठ हिरवा आहे ना, हे ती बघते. मक्याच्या कणसाचे आवरण जरा सारून दाण्यात नख रोवते आणि दुधासारखा चीक आला की खूश होते. जवळच्या मळ्यातून त्याच सकाळी आलेली भाजी हाती लागली, तर तिचा आनंद लपत नाही. (टोके मोडलेल्या भेंड्या पाहून भाजीवाल्याला काय वाटते, ही गोष्ट वेगळी!) या साध्या परीक्षांमागे कोणते विज्ञान आहे?

पहिली गोष्ट ही, की तोडल्याबरोबर भाजी मरत नाही. मुळांकडून येणारे पाणी आणि झाडाकडून मिळणारी साखर बंद होते, पण तिच्या पेशी जिवंतच असतात. त्या प्राणवायू घेऊन साठवलेली साखर वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. मिळकत थांबली आणि खर्च मात्र चालू, अशी तिची स्थिती होते. गच्च भरलेले मेथीचे पोते काही तासांनी आतून गरम लागते, ते या श्वसनामुळेच.

हा खर्च किती वेगाने होतो, हे तापमानावर अवलंबून असते. तापमान 10 अंश सेल्सियसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे वैशाखातल्या उन्हाचा एक तास हा थंड जागेतल्या कित्येक तासांच्या बरोबरीचा असतो.

मक्याचेच पाहा ना. कणीस तोडल्यावर दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते. गोड मक्याच्या जुन्या वाणांत 30 अंश सेल्सियसला एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर नाहीशी होते. शून्य अंशाजवळ मात्र ती थोडीच घटते. मटारची गोडीही अशीच कमी होते. मळ्यातच सोललेला मटार गोड लागतो, तो काही उगीच नव्हे!

आता पाण्याकडे वळू. 100 ग्रॅम पालकात 90 ग्रॅमहून अधिक पाणी असते. पाण्याने भरलेल्या पेशी हवा भरलेल्या फुटबॉलसारख्या ताठ असतात, म्हणून ताजे पान टवटवीत दिसते. पर्णरंध्रांतून पाणी उडून गेले की ताण जातो आणि पान मान टाकते. भाजीवाला पाणी शिंपडतो, ओले गोणपाट पांघरतो, त्यामुळे भाजी थंड राहते आणि पाणी उडण्याचा वेग कमी होतो.

पाण्याबरोबर आणखी एक मोलाची वस्तू कमी होते, ती म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. प्राण्यांच्या ग्रंथींतून महत्प्रयासाने थोडेसे मिळणारे हे द्रव्य आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाला हंगेरीतील सेगेड येथे मुबलक सापडले. कशात? त्याच भागात पिकणाऱ्या पॅप्रिका मिरचीत! 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे जीवनसत्त्व नाजूक असते. उष्ण हवेत कोमेजणाऱ्या पालेभाजीतून त्याचा मोठा भाग दोन-तीन दिवसांत नष्ट होऊ शकतो.

संध्याकाळी बाजार उठताना मेथीची जुडी स्वस्त का होते, आणि कांद्याचा भाव त्याच दिवशी तसा का पडत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याचे श्वसन मंद असते. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. मेथीला एवढा दम नाही. मेथीवाल्या शेतकऱ्याला ‘उद्या विकीन’ असे म्हणता येत नाही. मिळेल तो भाव घेऊन त्याला घरी परतावे लागते. मळा आणि बाजार यांतील अंतर कमी झाले, माल सावलीत व गारव्यात आला, तर त्याला थोडी सवड मिळते आणि आपल्याला ताजी भाजी.

मात्र ‘जवळची ती ताजीच’ असे समजू नका. गावातच पिकलेली, पण दोन दिवस उन्हात पडलेली भाजी शिळीच. उलट, तोडल्यावर लगेच गोठवलेला मटार पुष्कळ दिवस चांगला राहतो. ताजेपणा मोजायचा तो अंतराने नव्हे, तर तोडल्यापासूनचा वेळ आणि त्या वेळातील तापमान यांनी.

करून पाहा

1. दोन रुंद तोंडाच्या बरण्या घ्या. एकीत ताजे सोललेले मटार आणि दुसरीत तेवढेच उकडून गार केलेले मटार ठेवा. प्रत्येकीत चुन्याच्या स्वच्छ निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. तीन-चार तासांनी कोणती निवळी जास्त दुधाळ झाली? का? (निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

2. मेथीच्या सारख्या वजनाच्या तीन जुड्या घ्या. एक उन्हात, एक सावलीत, एक ओल्या फडक्यात ठेवा. दर दोन तासांनी वजन करून आलेख काढा. फडक्यातील जुडी तोलण्यापूर्वी झटकायला विसरू नका.

आलेख तयार झाला की तो घेऊन एखाद्या मळेवाल्याकडे जा आणि तो भाजी कोणत्या वेळी तोडतो, हे विचारा. त्याचे उत्तर तुमच्या आलेखाशी जुळते का, ते पाहा.