अर्भकमृत्यूची उतरण आणि पहिले अठ्ठावीस दिवस

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या म्हणजे अर्भक मृत्युदर. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारतात तो 1971 मध्ये 129 होता आणि 2020 मध्ये 28 पर्यंत उतरला. महाराष्ट्रात त्या वर्षी तो 16 होता. ही उतरण समजून घेताना गडचिरोलीचा अनुभव विशेष मोलाचा ठरतो, कारण बाळे कशाने आणि जन्मानंतर कितव्या दिवशी दगावतात, याचा शोध तेथे घरोघर जाऊन घेतला गेला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने आधी न्यूमोनियाकडे लक्ष वळवले. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, तर न्यूमोनिया समजून प्रतिजैविक औषध द्यायचे, एवढे ज्ञान गावातल्या कार्यकर्त्यांच्या हाती आल्याने मृत्यू घटले. उरलेल्यांत मोठा वाटा पहिल्या 28 दिवसांतील, म्हणजे नवजात मृत्यूंचा होता. कमी वजन (अडीच किलोहून कमी), अकाली जन्म, जन्मतः श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांची कारणे क्वचितच एकेकटी येतात: अपुऱ्या दिवसांचे बाळ लवकर गार पडते, त्याला दूध नीट ओढता येत नाही आणि अशक्त झालेल्या त्या जिवाला संसर्ग गाठतो. म्हणूनच 39 गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना बाळ उबदार ठेवण्यापासून जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंत सारे शिकवण्यात आले. डॉक्टर नसलेल्या स्त्रीने नवजाताला सुई टोचावी, हे तेव्हा धाडसच होते. परंतु 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला.

पुढे 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातील कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीतच येत नसल्याचे दाखवले. घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत 2011 मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली, आणि बाळंतपण रुग्णालयात झाले तरी 42 व्या दिवसापर्यंतच्या गृहभेटी ठरल्या.

तरीही 2020 च्या 28 या आकड्यातले 20 मृत्यू पहिल्या 28 दिवसांतलेच आहेत. त्यांची मुळे बऱ्याच अंशी जन्माआधीच, लहान वयातले लग्न, दोन बाळंतपणांतले अपुरे अंतर आणि आईचा रक्तक्षय यांत रुजलेली असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या.