मशीन घेतली, पण इस्त्रीचे काय?

गेवराईपासून परळीपर्यंत आपल्या कोणत्याही वस्तीत दुपारच्या वेळी जा, एखाद्या तरी घरातून शिलाई मशीनचा आवाज येतो. कुणी बचत गटाच्या कर्जातून मशीन घेतलेली असते, तर कुणी ऊसतोडीची उचल फिटल्यावर. कोयता घेऊन सहा-सहा महिने घर सोडण्यापेक्षा गावात राहून ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश आणि गोधड्या शिवाव्यात, लेकरांची शाळा तुटू नये, ही त्यामागची धडपड. मशीन येते, कात्री येते, टेप येतो. इस्त्री येते ती सर्वांत शेवटी, आणि तीही हाताला लागेल ती. आम्हाला हा क्रम पटत नाही.

कारण असे की, घरी शिवलेला ब्लाउज आणि मोंढ्याजवळच्या चांगल्या शिंप्याने शिवलेला ब्लाउज शेजारी ठेवला, तर पुष्कळदा शिलाईत फरक नसतो, फरक असतो दाबात. चांगला शिंपी एक शिवण मारली की ती आधी इस्त्रीखाली बसवतो, मगच तिच्यावरून दुसरी शिवण नेतो. आपण सगळा कपडा शिवून झाल्यावर वरून एकदा इस्त्री फिरवतो. तोवर आतल्या शिवणी गोळा झालेल्या असतात, त्या मग बसत नाहीत. गिऱ्हाईक मजुरी देताना दहा रुपये कमी देते ते इथे.

धुतलेल्या कपड्यांची इस्त्री आणि शिवणकामातली इस्त्री, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धुतलेल्या कपड्यावर आपण हात पुढे-मागे फिरवतो. शिवताना इस्त्री टेकवायची, क्षणभर दाबायची आणि उचलून पुढे ठेवायची. घासत नेली की तिरका कापलेला कपडा ताणतो, गळ्याची उरेप पट्टी लांबते आणि गळ्याला झोल येतो. गोधडीच्या चौकोनांचे तर विचारूच नका. एक चौकोन सुताभर ताणला गेला, तर दहा चौकोनांच्या ओळीत तो फरक इंचाच्या वर जातो आणि दोन ओळींची टोके एकमेकींना मिळत नाहीत. मग बाया म्हणतात कापताना चुकले. कापताना चुकलेले नसते.

दाबायचे म्हणजे इस्त्रीला वजन हवे. दुकानात हल्ली हलक्या इस्त्र्या पुढे करतात, हात दुखत नाही म्हणून सांगतात. त्यांतल्या कित्येक किलोभरही भरत नाहीत. रोज दोन शर्टांना त्या ठीक आहेत. शिवणारणीने दीड ते दोन किलोची इस्त्री घ्यावी. वजन इस्त्रीचे असले की हाताने जोर लावावा लागत नाही. टोक निमुळते असावे, म्हणजे मुंढ्याच्या वळणात आणि कॉलरच्या कोपऱ्यात शिरते. उष्णता कमी-जास्त करायची चकती असलेली, म्हणजे ज्याला आपण ऑटोमॅटिक म्हणतो तीच घ्यावी. चकतीवर किंवा कपड्याच्या चिठ्ठीवर ठिपके असतात, त्यांचा अर्थ ध्यानात ठेवावा: एक ठिपका सुमारे ११० अंश, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. सुती कपड्याला तीन चालतात, टेरिकॉटला दोन, नायलॉनला एकच.

वाफेची इस्त्री घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. आमचे मत, आपल्याकडे घेऊ नये. ती महाग असते हे एक. दुसरे म्हणजे आपल्या भागात बोअरचे पाणी जड. पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तोच इस्त्रीच्या बारीक छिद्रांत बसतो, आणि एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कपड्यावर मळकट पाणी ओघळते. साध्या इस्त्रीखाली सुती फडके ओले करून, घट्ट पिळून पसरावे. तेवढी वाफ ब्लाउजला आणि गणवेशाला पुरते. गडद रंगाची टेरिकॉट पँट उलट्या बाजूने आणि फडक्यावरूनच दाबावी, नाहीतर शिवणीवर चकाकी येते आणि ती जात नाही.

आता विजेचे. हजार वॅटची इस्त्री सतत एक तास तापत राहिली तर एक युनिट जळते. ऑटोमॅटिक इस्त्री मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. साडेसातशे वॅटची घेऊन वीज वाचवावी, असे कुणी म्हणेल. पण खेड्यात विजेचा दाब कमी असतो आणि इस्त्रीची ताकद दाबापेक्षाही झपाट्याने उतरते. २३० व्होल्टच्या जागी १६० व्होल्ट आले, तर तीच इस्त्री निम्म्याहून कमी ताकदीने तापते. म्हणून हजार वॅटची बरी. ती घरातल्या सहा अँपियरच्या साध्या सॉकेटवर चालते. दोन हजार वॅटच्या वाफेच्या इस्त्रीला मोठे सॉकेट आणि जाड वायर लागते. परळीत वीज तयार होते आणि शेजारच्या तालुक्यांत भारनियमन, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. तेव्हा वीज असेल त्या वेळी कापलेल्या कपड्यांची, अस्तराची आणि पट्ट्यांची इस्त्री एकदम उरकून ठेवावी. शिलाई पायाच्या मशीनवर केव्हाही होते.

आयएसआयचे चिन्ह पाहिल्याशिवाय इस्त्री घेऊ नये. ओले फडके, लोखंडी तळ आणि वीज, तिन्ही एकाच हाताखाली असतात, म्हणून हे आम्ही जोर देऊन सांगतो. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटात बसत नाही म्हणून जाड पिन तोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ती जाड पिन अर्थिंगची. इस्त्रीत वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट मिळावी म्हणून ती असते. ती तोडली की वीज अंगातून जाते. पिन शाबूत असूनही घराला अर्थिंग नसेल तर उपयोग नाही. आणि जमीन कोरडी पडली की अर्थिंग दुबळे होते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. पायात चप्पल असावी, हात कोरडे असावेत. इस्त्रीला टेस्टर लावल्यावर दिवा लागला, तर ती त्याच घडीला बंद करावी. असले दुखणे वायरमनला दाखवायचे, घरच्या पोराला नाही.

कोळशाची पितळी इस्त्री अजून काही घरांत आहे. वजनाला ती उत्तम. त्याआधी तर तांब्यात निखारे घालून लोक कपडे चोपीत आणि घडी उशाखाली ठेवून निजत. पण कोळसा उघड्या ओसरीवरच पेटवावा. दार लावलेल्या खोलीत त्याच्या धुराचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

इस्त्रीच्या घडीच्या टेबलावर मात्र पैसे घालवू नयेत असे आम्हाला वाटते. ते अरुंद, पाय पातळ, जरा जोर दिला की डगमगते. गोधडीचा पट्टा त्यावर मावत नाही. फळीच बरी. या फळीचाही इतिहास आहे. अमेरिकेत सारा बून नावाची एक काळी स्त्री होऊन गेली. नॉर्थ कॅरोलिना राज्यात, गुलामीच्या काळात जन्मलेली. पुढे ती कनेक्टिकटमधील न्यू हेवन गावी कपडे शिवून पोट भरू लागली. त्या काळी दोन खुर्च्यांवर आडवी फळी टाकून इस्त्री करीत. बायकांच्या कपड्याची बाही आणि कमरेचे वळण त्यावर नीट बसेना, म्हणून तिने अरुंद, वळणदार फळी बनवली आणि एप्रिल १८९२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. अडचण शिवणारणीची होती, तोडगाही शिवणारणीनेच काढला.

आपली फळी अशी करावी. पाऊण इंच जाडीचे, तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लाय घ्यावे. त्यावर जुन्या घोंगडीच्या दोन घड्या, आणि वर धुऊन आटवलेला मांजरपाट ताणून खालच्या बाजूने चुका मारून घ्याव्यात. फोम घालू नये. तो मऊ असतो म्हणून शिवण बसत नाही, आणि तापला तर वितळतो. घोंगडी लोकरीची, ती उष्णता धरते आणि ओल पिते. फळी कमरेच्या उंचीवर, न हलणाऱ्या टेबलावर ठेवावी. जमिनीवर वाकून दिवसभर दाबत बसले की पाठ जाते. इस्त्री टेकवायला शहाबादी फरशीचा तुकडा शेजारी असावा. कटोरी ब्लाउजसाठी मांजरपाटाची मूठभर मोठी उशी शिवून त्यात लाकडाचा भुसा ठासून भरावा. कटोरी तिच्यावर चढवून दाबली की गोलाई बसते.

गोधडीला आता लुगड्यांबरोबर सिंथेटिक साड्याही येऊ लागल्या. दोन्हींची गाठोडी वेगळी करावी. शंका आली तर एक दोरा काढून पेटवून पाहावा: सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, सिंथेटिकचा आवळून कडक मणी होतो. तो कपडा एका ठिपक्यावरच दाबावा. पंचशील ध्वजासाठी घेतलेल्या सॅटिनलाही हेच लागू. पट्ट्या जोडल्या की शिवणीची जास्तीची कड गडद रंगाच्या बाजूला वळवून दाबावी, म्हणजे फिक्या कापडातून ती दिसत नाही. टाके घालून पूर्ण झालेल्या गोधडीवर इस्त्री चालवूच नये, तिची ऊब दबते.

साडीला फॉल लावण्याआधी तो रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावावा. ब्लाउजच्या सुती अस्तराचेही तसेच. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. पौर्णिमेच्या किंवा १४ ऑक्टोबरच्या पांढऱ्या साडीला हात लावण्याआधी इस्त्री गार असताना तिचा तळ ओल्या फडक्याने पुसावा, मग तापवून ती आधी जुन्या चिंधीवर फिरवून पाहावी.