काढ्याची वेल, बागेचा चोर

तुमच्या सोसायटीच्या कुंपणावर गुळवेल चढलीय का? कोरोनात जिचा काढा घरोघरी उकळत होता, तीच. पावसाळ्यात तिची पानं उलटून बघा. येऊर किंवा मलंगगडाच्या ट्रेकलाही चालेल. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली, डिवचलं की डोकं आत वळवून बसणारी काळसर अळी दिसली, तर तिला नीट बघून घ्या. मोठेपणी ती फळं चोरणार आहे.

पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे, रात्री दिव्यावर येतो तो. याचं शास्त्रीय नाव युडोसिमा. पंख मिटले की थेट वाळकं पान. उघडले की मागचे पंख भडक नारिंगी, त्यावर काळा रंग. बहुतेक पतंगांची सोंड फुलातला मध ओढण्यापुरती नाजूक असते. याची मात्र टणक, टोकदार आणि दातेरी! अंधार पडला की बागेत यायचं, साल भोसकायची, रस प्यायचा आणि उजाडायच्या आत पसार. पितो थोडासाच. पण त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, फळ सडून गळतं. द्राक्षाचा तर एक मणी फुटला की रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो, घडच हातचा जातो.

पावसाळा सरताना यांचा जोर असतो. म्हणून आपल्याकडे सगळ्यात मोठा फटका विदर्भातल्या आंबिया बहाराच्या संत्र्याला. डाळिंब, मोसंबीही सुटत नाहीत. नाशिकच्या द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारीनंतरचा, तोवर जोर ओसरतो.

मग फवारणी करा ना! पण पतंग साल खातच नाही, आतला रस पितो. आणि अळी बागेत नसते, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. त्यामुळे शेतकऱ्यांना सल्ला मिळतो तो असा: बागेभोवतीच्या या वेली काढा, संध्याकाळी धूर करा, गळलेली फळं उचला, फळांच्या रसात कीटकनाशक मिसळून आमिष ठेवा.

औषधी वेल उपटायची? वर्षाचं पीक झाडावर असताना हा प्रश्न शहरात बसून विचारणं सोपं आहे. माझं मत, बागेच्या बांधावर नको, येऊरच्या झाडांवर खुशाल राहू दे.

फळ झाकणं हाही एक उपाय. नाशिककडे द्राक्षांचे घड कागदात गुंडाळतातच, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. कागद बऱ्याचदा रद्दीतल्या पेपरचा असतो. तेव्हा हे पान वाचून झालं की रद्दीत नीट घडी घालून ठेवा.