होडी पाण्यात सोडण्याआधी : गांधीसागरावर ट्रोलिंगला निघणाऱ्यांसाठी

१६ जून ते १५ ऑगस्ट ही आपल्या मध्य प्रदेशातली मासेमारीबंदी. या दिवसांत आपली जाळी माळ्यावर असतात, होड्या काठावर पालथ्या. पण हल्ली याच दिवसांत उज्जैन-इंदूरकडचे हौशी होडीवाले आम्हाला विचारायला येतात, 'बंदी उठली की गांधीसागरला ट्रोलिंगला जायचंय, होडी कशी तयार करायची?' एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेणं. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावर हा मोठा शौक आहे. तिथला सॅल्मन मूळचा तिथला नाहीच. पॅसिफिककडचा कोहो १९६६ मध्ये आणि चिनूक १९६७ मध्ये सोडला, फार माजलेल्या एल्वाइफ नावाच्या छोट्या माशाला आवर घालायला. आमच्या एका सभासदाचा भाचा शिकागोला असतो. तो सांगतो, तिकडे चार-पाच किलोचा शिशाचा गोळा पोलादी तारेवर खाली सोडतात, गळाची दोरी त्याला चिमट्याने अडकवतात आणि थंड पाण्याच्या थरात स्पून फिरवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

आपल्याकडे सॅल्मन नाही. गांधीसागरात कटला, रोहू, मृगल हे पोटापाण्याचे मासे आणि ते स्पूनच्या मागे धावत नाहीत. ट्रोलिंगला लागतो तो पाडिन, आणि नशीब असेल तर महाशीर. शिशाच्या गोळ्याचा थाट मात्र इथे नको. १९६० मध्ये धरण झालं तेव्हा चंबळेच्या खोऱ्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. झाडांची खोडं, भिंती, विहिरींचे काठ अजून खाली आहेत. गोळा तिथे अडकला आणि होडी चालत राहिली, तर छोटी होडी मागच्या बाजूने पाणी घेते. त्यापेक्षा पाण्यात खाली जाणारा प्लग किंवा थोडं वजन लावलेला स्पून बरा. वेग माणसाच्या चालण्याएवढा, ताशी ३ ते ५ किलोमीटर. मोबाइलच्या जीपीएसवर दिसतो.

आता होडी. फायबरच्या तळाला बोटाने टकटक करत जा. आवाज बद्द आला तर तिथे आत पाणी शिरलंय. इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या फळीचे बोल्ट हलवून बघा, सगळा जोर तिथेच येतो. आणि तळाचा बूच! ट्रेलरवरून उतरवताना बूच लावायला विसरणारे आम्ही दरवर्षी बघतो. बूच चावीच्याच दोरीला बांधून ठेवा.

इंजिनात सगळ्यात जास्त त्रास जुन्या पेट्रोलचा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल ओतून टाका, कार्बोरेटर रिकामा करा, फिल्टर बदला. मग गिअर ऑइलचा स्क्रू थोडा सैल करून बघा. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर सील गेलंय. सील बहुतेक वेळा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलेल्या नायलॉनच्या दोरीने कापलं जातं. म्हणून पंखा काढून दांडा साफ करायचा, आणि शिअर पिन असेल तर दोन जादा जवळ ठेवायच्या. इंजिन ड्रमभर पाण्यात चालवून बघा. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. नाही पडली तर पंपाचं रबरी चक्र बदला, नाहीतर मधल्या पाण्यात इंजिन तापून बसेल. ही चाचणी गंभीर धरणावर करायला जाऊ नका, अख्खं उज्जैन ते पाणी पितं.

जॅकेट माणशी एक, आणि अंगात. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटने कोणी तरत नाही. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवीच. दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, शिट्टी, टॉर्च. रामघाटावरची होडी हाकणं वेगळं. इथे भरलेल्या धरणाचं पाणी सुमारे ६६० चौरस किलोमीटर पसरतं. वाऱ्याला अडवायला काही नाही, बघता बघता आखूड, उभ्या लाटा उठतात. ढग काळे झाले की गळ गुंडाळा आणि जवळचा काठ धरा. मगरी आहेत, तेव्हा काठावर पाय सोडून बसायचं नाही. दोन्ही बाजूंना अभयारण्य आहे, २०२५ पासून तिथे चित्तेही आहेत. वनखात्याला विचारल्याशिवाय उतरू नका. गळाची परवानगीही आधी काढायची, काठावर जाऊन नव्हे.

आता आमचं दुखणं. या धरणात मत्स्य महासंघाच्या हाताखाली सहकारी संस्थांचे मच्छीमार रात्री जाळी लावतात. खुणेला थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या. पहाटे हौशी होडी त्या रांगेवरून आडवी गेली की पंख्यात जाळं येतं, शिवाय मागचे गळ उरलेलं फाडतात. होडीवाल्याची पाच मिनिटं जातात. इकडे त्या घराची काही दिवसांची कमाई जाते, आणि नवं जाळं उधारीवर येतं. गेल्या मोसमात आमच्या एका सभासदाचं जाळं असंच गेलं. 'दिसलं नाही' एवढंच उत्तर मिळालं. पुढे एक माणूस नुसता बघायला बसवला असता तर दिसलं असतं.

म्हणून उजाडल्याशिवाय निघू नका. बाटल्यांची रांग दिसली की तिच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घाला, मधून नाही. मागे ३० मीटर दोरी आहे हे वळताना ध्यानात ठेवा. गळ जाळ्यात अडकलाच तर इंजिन न्यूट्रल करा, वल्ह्याने मागे या, हाताने सोडवा. सुटत नसेल तर आपली दोरी कापा, जाळं नाही. आणि मालकाला सांगा. तो तिथेच कुठेतरी चहा करत असतो.

राहिला महाशीर. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा, आणि नद्यांतून कमी होत चाललाय. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून सोडतात, एवढे कष्ट त्याच्यामागे आहेत. पावसाच्या पुरात तो अंडी घालायला वर चढतो. बंदी १५ ऑगस्टला संपली तरी त्याच्यामागे दसऱ्यानंतरच लागा, असं आमचं मत. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासा पाण्यातच सोडवा. फोटो काढायचा तर हात ओले करून, एकच.

शिअर पिन किंवा पंपाचं रबर कुठे मिळतं ते विचारायचं असेल तर खाली इंजिनाचं मॉडेल लिहा. आमची मुलं उत्तर देतील.